मारामारीचा साउंडट्रॅक

मला मारामारीचे सिनेमे आवडतात. हे मी चारचौघांत सांगतो, आणि ऐकून कुणी नाक मुरडलं तर त्याच्या नाकावर एक ठेवून द्यावीशी वाटते. पुण्यात ज्या एकपडदा थिएटरात मी वाढलो, तिथे गाणं लागलं की पब्लिक विडी ओढायला बाहेर जायचं आणि फाइट लागली की धावत आत यायचं. आमचे नियम ठरलेले होते. आधी हिरोचं रक्त निघालं पाहिजे. ते त्याने अंगठ्याने पुसून बघितलं पाहिजे. शिट्टी त्यानंतर. आधी वाजवणारा अडाणी समजला जायचा.

मास्टर्स करायला मेलबर्नला आलो आणि क्लेटनमध्ये राहिलो. त्या काळात आपली पोरं विमानं भरभरून येत होती. एकेका घरात पाचपाच-सहासहा जण, हॉलमध्येसुद्धा गाद्या. शहर मला सुरुवातीला फार मुकं वाटलं. थिएटरात हिरो दहा जणांना लोळवतोय आणि पब्लिक पॉपकॉर्नसुद्धा आवाज न करता खातंय. मी एकदा शिट्टी मारली तर पुढच्या रांगेतल्या बाईंनी मागे वळून मला बरं वाटत नाहीये का असं विचारलं.

माझा रूममेट सोलापूरचा. तो सिटीतल्या एका कॉलेजात साउंड इंजिनिअरिंग शिकायला आला होता. बाकीची पोरं पीआरसाठी, म्हणजे इथे कायमचं राहायला मिळावं म्हणून, मिळेल तो कोर्स करत होती, पण हा खरोखर शिकायला आलेला. त्याच्या कानांचा मला हेवा वाटायचा. दुकानात गाणं लागलं तरी रेकॉर्डिंगमध्ये ढोलक डावीकडे ठेवलाय की उजवीकडे हे तो खरेदी करता करता सांगायचा. माझं फाइटवरचं प्रेम त्याला मान्य होतं, फक्त मी चुकीच्या गोष्टीवर प्रेम करतोय असं त्याचं म्हणणं होतं.

"मार डोळ्याला लागत नाही रे, कानाला लागतो," तो म्हणायचा. "आवाज काढून टाक, काय उरतं बघ."

आमच्या मराठी मंडळाचा गणपतीचा कार्यक्रम जवळ आला तेव्हा स्टुडंट्सनी काहीतरी करावं असं ठरलं. मंडळाचे काका आयटीतले, स्किल्ड व्हिसावर पुण्याहून येऊन स्थिरावलेले, सिनेमाचे माझ्याइतकेच वेडे. आम्ही त्यांना एक फाइट बसवून दाखवतो म्हणालो. मी हिरो. व्हिलन रूममेट, आणि आवाजही त्याचेच. तोंडाने ढिशूम करायला त्याने साफ नकार दिला. त्याने घरातच रेकॉर्डिंग लावलं. सोफ्याच्या उशीवर कोल्हापुरी चप्पल हाणली की पोटातला गुद्दा. ओला टॉवेल बाथरूमच्या फरशीवर आपटला की थोबाडीत. हाड मोडायचं असलं की सेलरीची, म्हणजे इथल्या कडक देठांच्या भाजीची, जुडी घेऊन मायक्रोफोनजवळ पिळायची. मी उशी मारायचो आणि तो हेडफोन लावून डोळे मिटून बसायचा. पुन्हा मार म्हणायचा. अजून रागाने मार म्हणायचा. राग माझ्याकडे भरपूर होता.

कारण तेव्हा शहरात आपल्या पोरांना मार पडत होता. ट्रेनमध्ये, स्टेशनबाहेर, पार्किंगमध्ये. आमच्या ओळखीच्या एका पंजाबी मुलाचा जबडा तारेने बांधला होता. युनिव्हर्सिटीत आम्हाला सेफ्टीवर लेक्चर झालं. फोन दाखवू नका, आपल्या भाषेत मोठ्याने बोलू नका, आवाज कमी ठेवा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याने मारलं त्याला कुणी काही सांगत नव्हतं, आणि मी हळू बोलायचं. त्या दिवशी घरी येऊन मी उशी फाटेपर्यंत चप्पल हाणली. रूममेट म्हणाला, हा टेक ठेवूया.

एवढ्यात दारावर थापा पडल्या. शेजारच्या ग्रीक आजी हातात झाडू घेऊन उभ्या होत्या. कुणीतरी कुणाला तरी मारतंय असं त्यांना वाटलं होतं. आम्ही आत बोलावून उशी दाखवली तरी त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी आम्हा दोघांची तोंडं हनुवटीला धरून या बाजूने त्या बाजूला फिरवून बघितली, आणि मगच गेल्या.

कार्यक्रमाच्या आधीच्या शनिवारी मंडळाने पार्कमध्ये बार्बेक्यू ठेवला. लख्ख ऊन होतं. एका टोकाला शेडमध्ये वांगी, पनीर, चिकन भाजणं चालू, पोरंटोरं घसरगुंडीवर. जेवणं झाली की आम्ही सगळ्यांसमोर रंगीत तालीम करणार होतो. पार्कच्या दुसऱ्या टोकाला झाडाखाली रूममेटने स्पीकर मांडला आणि आवाज लांबपर्यंत कसा पोचतो ते बघायला आमच्या रेकॉर्डिंगची सीडी लावली. मी टॉयलेट ब्लॉकमध्ये हिरोचे कपडे चढवत होतो. पांढरा शर्ट, वरची बटणं उघडी, गळ्यात रुमाल.

बाहेर आलो तर झाडाखाली तीन अनोळखी गोरी पोरं. हातात बाटल्या. एक जण स्पीकरकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाला. रूममेटने हात वर केले, नो वरीज मेट म्हटलं असणार, आणि आवाज कमी करायला तो स्पीकरकडे वळला. वळला तेव्हा त्याच्या कानाखाली बसली. बाटलीच्या हाताने बसली.

स्पीकर चालूच होता. रूममेट गुडघ्यावर आला आणि सीडीवर टॉवेल आपटला. त्यांनी पोटात लाथ घातली आणि कुठेतरी सेलरी मोडली. मार आणि आवाज जुळत नव्हते, एक आधी एक नंतर, पण पार्कच्या त्या टोकाला उन्हात ताटं घेऊन बसलेल्यांना कुठे कळतंय. त्यांना फाइट दिसली आणि ढिशूम ऐकू आलं. टाळ्या पडल्या. मी ऐकल्या. मी धावत सुटलो, पांढरा शर्ट, गळ्यात रुमाल, आणि माझ्या मागे शेडमधून शिट्ट्या सुरू झाल्या.

हिरोची एन्ट्री. जन्मभर जी मी दुसऱ्यांना दिली ती मला मिळाली.

मी पोचलो आणि एकाच फटक्यात आडवा झालो. गवत तोंडात गेलं. खऱ्या गुद्द्याला आवाज नसतो. आतल्या आत काहीतरी हलतं आणि आपण खाली असतो, बस. उठायला गेलो तर बरगडीत बूट बसला. माझ्यापासून हातभर अंतरावर रूममेट कान धरून पडला होता आणि त्याच्या बोटांमधून रक्त येत होतं. ते त्याने अंगठ्याने पुसून बघितलं नाही. तो उठला नाही. एक जण त्याच्या डोक्यात लाथा घालत होता, तीही त्याच कानाच्या बाजूला, आणि शेडमधून काकांचा आवाज आला, "वन्स मोअर."

जणू त्यांच्या सांगण्यावरूनच, अजून एक लाथ बसली.

मग स्पीकर लाथेने उलटा झाला, सीडी बंद पडली, आणि अचानक पार्कभर शांतता पसरली. त्या शांततेत रूममेट ओरडत होता. तेव्हा शेडमधल्यांना कळलं. एका काकूंच्या हातातलं ताट पडलं आणि सगळे एकदम पळत आले. ती पोरं बाटल्या टाकून रेल्वेलाइनकडे निघून गेली, घाई न करता.

मंडळात एक डॉक्टर काकू होत्या, मुंबईच्या. त्यांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि टॉर्चने कानात बघितलं. काका बाजूला उभे होते. ते मला म्हणाले, "मला वाटलं तुमचं चाललंय." मला त्यांचा गळा धरायचा होता. माझे हात वर जात नव्हते म्हणून धरला नाही.

पोलीस आले. तरुण होते, सभ्य होते. त्यांनी एकेकाला काय पाहिलं ते विचारलं आणि आमच्या इंजिनिअर, डॉक्टर, प्राध्यापक माणसांनी प्रामाणिकपणे सांगितलं की त्यांना ते नाटक वाटलं. मारणाऱ्याचा चेहरा कुणी बघितला नव्हता. नाटकात व्हिलनच्या माणसांकडे कोण बघतं. जाताना एक पोलीस मला म्हणाला की यापुढे पार्कमध्ये म्युझिक जरा कमी ठेवा. मी त्याला इंग्रजीत जे म्हणालो ते इथे लिहीत नाही. काकांनी मला मागे ओढलं आणि त्याची माफी मागितली, आणि त्यांच्यावरचा माझा तो राग अजून गेलेला नाही.

कानाचा पडदा शिवता आला असता, पण मार आतल्या नसेला लागला होता. डावा कान गेला. एका कानाने ढोलक कुठे ठेवलाय ते कळत नाही. सगळा आवाज एकाच बाजूने येतो. तरी तो महिनाभर क्लासला गेला. हेडफोन घालून स्क्रीनवरच्या रेषा बघत मिक्स करायचा, आणि सर म्हणायचे की सगळं उजवीकडे झुकलंय. एके दिवशी तो जायचा थांबला. व्हिसासाठी त्याने दुसरीकडे कुकरीला ॲडमिशन घेतली. त्याला कांदाही नीट चिरता येत नव्हता.

सिनेमाला मीच त्याला ओढून नेलं, बऱ्याच दिवसांनी, रविवारी दुपारच्या शोला. तोवर आपली इतकी माणसं झाली होती की थिएटर भरलं होतं आणि शिट्ट्याही वाजत होत्या. तो माझ्या डाव्या हाताला बसला, चांगला कान माझ्याकडे करून. फाइट सुरू झाली. हिरोचं रक्त निघालं, त्याने अंगठ्याने पुसलं, सगळं थिएटर उठलं, आणि माझीही बोटं सवयीने तोंडाकडे गेली. तेव्हा मी बाजूला बघितलं. त्याने उजव्या कानात बोट घातलं होतं, घट्ट, आणि तो पडद्याकडे टक लावून बघत होता.

मी त्याला खूण केली, काय झालं. त्याने बोट काढलं नाही. स्वतःला ऐकू येत नसताना माणूस बोलतो तसा जरा मोठ्याने बोलला.

"तूही घाल. असंच होतं ते."

मी दोन्ही कानांत बोटं घातली. पडद्यावर एक माणूस खाली पडला होता आणि दुसरा त्याला मारत होता, आणि आमच्या आजूबाजूला माणसं तोंडं उघडून हसत होती, टाळ्या वाजवत होती.