सुतारकाकांच्या बायकोची प्रार्थना

लवंगेच्या तेलाचा वास आला की पनवेलचे ते दातांचे चिनी डॉक्टर आठवतात. बाबा चर्चचे पाळक होते. आमच्या ओटीवर दर रविवारी चार चिनी कुटुंबं उपासनेला जमत. त्यांतले डॉक्टर कँटनी ही चिनी बोली बोलत, लाकूडकाम करणारे सुतारकाका हक्का ही दुसरी. एकमेकांशी मात्र मोडकं मराठी. सुतारकाकांची बायको वारली, तेव्हा शवपेटीपाशी प्रार्थना कोणत्या भाषेत करायची यावरून दोघांचं बिनसलं. बाबांनी डॉक्टरांपुढे हात जोडले, "अर्धी तुम्ही करा, अर्धी ते करतील." डॉक्टर म्हणाले, "देवाला माझी भाषा कळते." सुतारकाका रडत म्हणाले, "माझ्या बायकोला नाय कळत." शेवटी बाबांनीच मराठीत प्रार्थना केली, ती भाषा तर तिला मुळीच येत नव्हती. पुढच्या रविवारी कुणीच आलं नाही. बाबा दुपारपर्यंत ओटीवर एकटेच बसून राहिले. आज मी त्यांच्या वयाची झाले, तरी तेव्हा मी बाबांना काय म्हणायला हवं होतं, ते मला सुचत नाही.