तिवदरची बोर्बाला

होदोशी तिवदर हा आमच्या गावचा सगळ्यांत चिक्कू माणूस, आणि एकाही नामदिनाचा केक न चुकवणाराही तोच. आमच्याकडे कॅलेंडरात रोज एक नाव असतं, आणि त्या नावाचा माणूस त्या दिवशी घरी येणाऱ्यांना केक देतो. आज कुणाचं नाव आहे हे पाद्र्याआधी तिवदरला ठाऊक. आयुष्यभर गावच्या गरम झऱ्याच्या स्नानगृहात कपाटांच्या किल्ल्या सांभाळल्या. निवृत्त झाल्यावर रोज सकाळी त्याच झऱ्यात छातीभर पाण्यात उभा राहून बुद्धिबळ खेळायचा. लग्न केलं नाही. बायकोचाही नामदिन येतो, म्हणायचा.

अशा माणसानं एकदा बाजारातून काचेच्या टाकीसकट एक शेवंड आणली. कोळंबीच्या कुळातली, गोड्या पाण्यातली, बोटाएवढी, अंगावर संगमरवरासारखी नक्षी. नाव ठेवलं बोर्बाला. तिच्याशी तो जेवताना बोलायचा, आणि आम्ही खिडकीखालून जाताना ऐकायचो. काही महिन्यांत बोर्बालाला पिल्लं झाली.

शेजारची पिरोश्का, बेकरीवाली, कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली. "तिवदर, हे काय ऐकतेय मी? नवरा नाही, काही नाही!"

"पिरोश्का, देवाशपथ सांगतो, या घरात पुरुष मी एकटाच."

"तेच तर म्हणतेय मी!"

ही जातच तशी. सगळ्या माद्या, नराची गरजच नाही. एकटी राहते आणि आपल्याच प्रती काढत बसते. तिवदरला मात्र यात ईश्वरी कृपा दिसली. त्या वर्षापासून तो नामदिनाला रिकाम्या हातानं जाईना. लोणच्याची बरणी, बरणीत पाणी, पाण्यात बोर्बालाची लेक. लोक गालांवर मुके घेऊन आभार मानायचे. पुढच्या वर्षी त्यांच्याही बरणीत लेकी व्हायच्या, आणि आभार जरा आटोपशीर व्हायचे.

मग स्नानगृहामागच्या कोमट ओढ्यात शेवंडी दिसू लागल्या. कुणी ओतल्या? कुणीच नाही. आमच्या गावात असल्या गोष्टी आपोआप होतात. त्यांनी बेडकांची अंडी फस्त केली, गावठी शेवंडींना रोग लावला, आणि एक दिवस रेडिओवर सांगितलं की ही जात बंद. विकायची नाही, भेट द्यायची नाही, पाण्यात सोडायची नाही. तपासणीला जिल्ह्याहून बाई येणार. ज्यानं कायद्याआधी हौसेनं पाळली असेल, त्यानं आपली एक मरेपर्यंत ठेवावी. फक्त बंद टाकीत, आणि पिल्लं होऊ न देता.

तिवदर निर्धास्त होता. "बोर्बाला कायद्याआधीची आहे. तिला कुणी हात लावू शकत नाही," एवढं सांगून तो तपासणीच्या सकाळीही बुद्धिबळाला गेला.

त्याची किल्ली कुंडीखाली असते हे अख्ख्या गावाला माहीत. त्या सकाळी तिथं रांग लागली. प्रत्येकाच्या कोटाखाली एक बरणी. पहिली आली ती पिरोश्का. समोर दिसली ती टाकी, तीत ओतून मोकळी. बाकीच्यांनी तिचंच अनुकरण केलं. कुणाचं काही चुकलं नाही, ज्याची वस्तू त्याला परत दिली.

तिवदर ओल्या केसांनी घरी परतला तेव्हा टाकीत पाणी कमी आणि बोर्बालाच जास्त होत्या. पाठोपाठ जिल्ह्याच्या एमेशेबाई आल्या, रबरी बूट घालून, हातात बादली. दारात आम्ही सगळे निरागस चेहऱ्यांनी जमलेलोच.

"तुमची कोणती, काका?" बाईंनी विचारलं. "एक ठेवता येईल."

"लाखात ओळखीन!" म्हणत तिवदर वाकला. टाकीचा एक कोपरा पाहिला, दुसरा पाहिला. "बोर्बाला," त्यानं हळूच हाक मारली. टाकीतल्या सगळ्यांनी मिशा हलवल्या.

"ती जाडी घे," पिरोश्का मागून म्हणाली.

"तू गप्प बस! ती तुझ्याकडची आहे, केक खाऊन फुगलीये."

एमेशेबाईंना दया आली असावी. "काका, कोणतीही घ्या. या रक्तानं अगदी एकच आहेत. हिच्यात आणि तिच्यात काडीचा फरक नाही."

तिवदर ताठ उभा राहिला. "म्हणजे या सगळ्या बोर्बालाच?"

"शास्त्राप्रमाणे, हो."

"आणि बोर्बालाला परवानगी आहे?"

"आहे."

"मग बादली घेऊन निघा, बाईसाहेब!"

आम्ही टाळ्या वाजवल्या. बाईही हसल्या, पण बाह्या सरसावून त्यांनी हात पाण्यात घातला तो घातलाच. "एक, काका. आणि तिला अंडी आली की मला फोन करायचा. मग तीही जाईल."

"ती सभ्य घरातली आहे," तिवदर पुटपुटला.

शेवटी डोळे मिटून त्यानं एक उचलली. बाकीच्या बादलीत गेल्या. तिवदर मोटारीपर्यंत बादलीमागून चालत गेला, झाकणावर कान ठेवून उभा राहिला, आणि बाईंनीही गाडी लगेच सुरू केली नाही.

आता टाकीत एकच आहे. परवा मी खिडकीखालून जाताना ऐकलं. जेवताना तिवदर तिला "बाई" म्हणत होता, "मीठ जास्त झालंय का बाई" असं. मी आत डोकावून विचारलं, नाव विसरलास काय रे?

"नाव कसं घेऊ?" तो म्हणाला. "आमची ओळख आहे की नाही, तेच मला माहीत नाही."