शाडूचा वाघ

चौथीत असताना दिवाळीच्या सुट्टीआधी बाईंनी वसुबारसेसाठी शाडूची गाय करून आणायला सांगितलं. मी वाघ केला.

आम्ही मूळचे पेठ तालुक्याकडच्या डोंगरातले. तिकडे त्याच दिवशी वाघबारस असते. गुराखी वाघदेवाला नारळ देतात आणि आमच्या गुरांकडे फिरकू नको म्हणून विनवतात. हे मला बाबांनीच सांगितलं होतं. बाबा वनजमिनीच्या चळवळीत होते. शहरात द्वारका चौकामागच्या आमच्या खोलीत पत्रकांचे गठ्ठे असत. त्यांवरूनच मी वाचायला शिकले. ‘आमचे देव, आमचे सण कुणालाही पुसू देणार नाही’ ही ओळ बाबांची. शाळेत जाण्याआधीच ती मला पाठ होती.

वाघाला मी गुंजांचे डोळे लावले, कोळशाने पट्टे ओढले. बाबांनी शेपटी जरा उचलून दिली. म्हणाले, “आता कसा रुबाबात हाय.”

बाईंनी प्रदर्शनाच्या टेबलावरून तो उचलून बाजूला ठेवला. “अगं, गाईच्या सणाला गाय खाणारा आणलास?” वर्ग हसला. आमच्याकडे वाघाचाच सण असतो, असं मी सांगितलं. “असं काही नसतं. उद्या वडिलांना घेऊन ये.”

त्या संध्याकाळी मी खुशीत होते. बाईंना आता कळणार होतं.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. बाईंनी विचारलं, “तुमच्यात वाघाचा सण असतो म्हणते ही. खरं का?”

मी बाबांच्या तोंडाकडे बघत होते.

“लहान आहे, मॅडम. कुठंतरी काहीतरी ऐकलं असेल. चुकलं तिचं.”

माती अजून पुरती वाळली नव्हती. बाबांनी माझ्या बाटलीतल्या पाण्याने बोटं ओली केली, पट्टे पुसले, डोक्यावर शिंगं केली, शेपटी खाली वळवली. गुंजा तेवढ्या राहिल्या.

“गोड झाली गाय,” बाई म्हणाल्या.

वाटेत बाबा म्हणाले, “पोरी, तुला या शाळेत घ्यावं म्हणून किती खेटे घातले, ठाऊक हाय ना?”

ठाऊक होतं. ते कारण मला आजही कळतं, आणि आजही मान्य नाही. वनखात्याच्या साहेबांच्या गाडीपुढे आडवा झोपणारा माणूस माझ्या देखत माझ्याच वाघाला खोटं ठरवून आला होता.

वाघबारसेला बाबा दरवर्षीसारखे गावी निघाले. पिशवीत नारळ होता. “चल ना,” म्हणाले. मी गेले नाही. वाघदेवासमोर उभं राहून ते काय बोलणार, ते मला ऐकायचं नव्हतं.