दंडावरची चार बोटं

महिन्यापूर्वी अष्टमी गावच्या दुकानात तांदूळ घेत होतो. दुकानदार सहज म्हणाला, "गुरुजी, ती लेकीला मारणारी सुगंधा गेली वो." पंचवीस वर्षांनंतरही तिची ओळख तीच... आणि ती तिला मीच चिकटवली होती. म्हणून हे लिहितो आहे.

रोह्याजवळच्या एका गावात मी शिक्षक होतो. सुगंधाची रेश्मा पहिलीत होती. सर्दीतापाने आठवडाभर घरी राहून ती परत आली, तेव्हा पायांवर निळेजांभळे डाग होते. रोज नवे उमटत. पोर पडलेली नसे, रडतही नसे. झग्याचा नाडा बांधायची तिथे, कमरेभोवती, सुईने टोचल्यासारख्या लाल ठिपक्यांची ओळ. बाया कुजबुजत, "कोण तरी चिमटं काढतंय गो पोरीला." मला हसू येई. माझा संशय भुतावर नव्हता, आईवर होता.

एका दुपारी मी रेश्माचा दंड धरून तिला खिडकीपाशी नेलं. "आई मारते?" तिने नकारार्थी मान हलवली. मी विचारत राहिलो, हात सोडला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच दंडावर चार बोटं उमटली होती. मी सुगंधाला शाळेत बोलावलं आणि गावच्या माणसांसमोर पोरीची बाही वर केली.

"मी नाय वो मारत, गुरुजी. आपोआप येतंय तिच्या अंगावर."

"बोटंपण आपोआप उगवली का?"

लोक हसले. त्याच संध्याकाळी नवऱ्याने रेश्माला खांब गावी आजीकडे ठेवलं. सुगंधाला भेटायची बंदी केली.

खांबलाही डाग उमटतच राहिले. आई जवळ नव्हती, तरी... आजीने दृष्ट काढली, अंगारा लावला. आठ-दहा दिवसांनी नाकातलं रक्त थांबेना, तेव्हा तिला पेणला मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. मीही सोबत गेलो. रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, "रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट फार कमी झाल्यात. तापाशी लढायला शरीराने जी प्रतिपिंडं तयार केली, ती चुकून आपल्याच प्लेटलेटना चिकटतायत. मग प्लीहा त्यांना परक्या समजून संपवते. मुलांमध्ये बहुतेकदा हे काही आठवड्यांत, महिन्यांत बरं होतं. पण तोवर नुसतं दाबलं तरी डाग उठतो. हिचा दंड कुणी धरला होता?"

डाग पिवळा पडत आला होता. चार बोटांतलं तिसरं आखूड होतं. लहानपणी भातगिरणीच्या पट्ट्यात माझं ते बोट अर्धं गेलं आहे. मी हात खिशात घातला आणि म्हणालो, "माहीत नाही."

रेश्मा दोन महिन्यांत बरी झाली, आईकडे परतली. गाव मात्र म्हणत राहिलं, "आजार व्हता, पण बोटं कोनाची?" मी गप्प राहिलो. सुगंधा भेटली की पदर सावरून एवढंच विचारायची, "गुरुजी, हात बरा हाय ना?" आयुष्यभर तिने मला दुसरं काही विचारलं नाही.

बाराव्यानंतर मी तिच्या घरी गेलो आणि रेश्माला सगळं सांगितलं. तुझ्या आईने तुला कधीच मारलं नाही, ती बोटं माझी होती. हे उद्या दुकानदारालाही सांगणार आहे, आणि छापूनही देणार आहे, असं म्हणालो.  ती उठून मागच्या दारात, उजेडात उभी राहिली. लग्नानंतरही माहेरी आली की आई रोज सकाळी तिला तिथे उभं करून, डाग परत आला नाही ना म्हणून, दोन्ही दंड हातात घेऊन बघायची.

"आई गेल्यापासून कोण बघत नाय," असं म्हणून तिने बाही दुमडली आणि हात माझ्यापुढे धरला. "बघा."

मी हात पाठीमागे बांधून वाकलो. डाग नव्हता. तसं सांगितलंही. तरी ती हात मागे घेईना...