धक्का डाव्या हाताला

बोरघिल्डबाईच्या डोळ्यांत काहीतरी बिघाड आहे, हा संशय पहिल्यांदा मला आला. मी बेटावरचा दुकानदार. कोण काय लपवतंय ते मला पाव देतादेता कळतं. सदुसष्ट वर्षांची ही बाई आमची एकुलती एक प्रवासी बोट चालवते. डॉक्टर पलीकडच्या किनाऱ्यावर, आणि मधल्या पाण्याला ओढ अशी की भलेभले गप्प बसतात. बेटाच्या कमिटीने मला सांगितलं, "आयलेर्ट, गुपचूप बघून ये. डोळे गेले असतील तर परवाना काढून घेऊ." परवाना गेला की बाईचं सगळंच गेलं.

दात दुखतोय असं खोटंच सांगून बोटीत बसलो.

"दात दुखतोय? मग सुका मासा कसला चावतोयस?"

छे! सवय नडली. मी पुडी खिशात कोंबली.

"कमिटीने धाडलंय ना तुला?"

"काहीतरीच काय, बाई! संशयी आहात नुसत्या."

"आहेच. म्हणून अजून बुडाले नाही."

पलीकडच्या धक्क्याला दोन्ही अंगांनी बोट लागते. अलीकडच्या अंगाला लावली असती तर वाऱ्यानेच चिकटवली असती. पण बाई वळसा घालून पलीकडे गेली, जिथे वारा बोटीला धक्क्यापासून लोटत होता. कुठूनही येवो, हिला धक्का डाव्या हातालाच हवा. उजवीकडचं दिसत नसणार. सापडली, म्हटलं!

ओढीकडे तोंड करून ती हळूहळू धक्क्याशी आली. आमच्याकडे दोर बांधायला धावणं हा साधा शिष्टाचार. मी पुढचा दोर घेऊन उडी मारली आणि खुंट्याला करकचून बांधला. झालं! बोटीचं नाक अडकलं, मागचा भाग वाऱ्याने बाहेर लोटला, ओढीने तो धरला आणि अख्खी बोट खडकांकडे फिरू लागली.

"सोड, गाढवा! सोड म्हणते ना!"

सोडला. ती पुन्हा फिरून आली. बोटीच्या मधल्या दोराचा फास तिने स्वतः खुंट्यावर टाकला, सुकाणू वळवलं, इंजिन हळू पुढे चालू ठेवलं. दोर ताणला गेला आणि बोट शहाण्यासारखी धक्क्याला टेकली. शरमेने माझी मान वर होईना.

"उजवा डोळा नाताळपासून गेलाय," ती आपणहून म्हणाली. "डावा शाबूत आहे. सांग जा तुझ्या कमिटीला. आणि दोन डोळेवाल्याने आज काय केलं, तेही सांग."

मी दोन्ही सांगितलं. कमिटीने बराच वेळ खल केला आणि ठरवलं, बाई बोट चालवेल, पण उजवीकडे नजर ठेवायला एक माणूस हवा. कोण, असं विचारल्यावर सगळे माझ्याकडे बघू लागले.

आता रोज सकाळी दुकान बायकोवर टाकून मी बाईच्या उजव्या हाताला उभा असतो. दोराला शिवायची परवानगी नाही. परवा नुसता गुडघा खाजवायला वाकलो, तर समोरची नजर न काढता ओरडली, "आयलेर्ट, दोर!"

तिच्या उजव्या बाजूला होतो मी. दिसण्याचा प्रश्नच नव्हता.