कॅप्टनला दिलेला भाऊ

"ते ठीक. पण मागचं काय?" असं विचारताना तो हनुवटी तळहातावर टेकवायचा आणि चेहरा इतका मायाळू करायचा की समोरचा बोलायला लागायचाच. असा एखादा तुमच्याही सोसायटीत असेल. असला तर त्याला चहा पाजू नका.

पनवेलला तो आमच्या खालच्या मजल्यावर राहायचा. नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्याने एक कादंबरीमाला काढली. पुढच्या कुठल्याशा शतकातलं अंतराळ आरमार आणि त्याचा कॅप्टन विराज. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करायचो. इथे करणार नाही.

यान, तोफा, परग्रह हे सगळं तो स्वतःच्या डोक्यातून काढायचा. कॅप्टनचं पूर्वायुष्य मात्र आमच्या घराघरांतून उचलायचा. कळंबोलीत लोखंडाचा धंदा करणाऱ्या शेजाऱ्याचं लंगडणं कॅप्टनला मिळालं. तो बिचारा खूश! "माझा पाय मंगळावर पोचला," म्हणून पेढे वाटले त्याने. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचा मोडलेला संसारही कॅप्टनकडे गेला. त्यांनी पेढे वाटले नाहीत. त्या जिन्यात त्याच्याकडे बघेनाशा झाल्या, इतकंच.

मग तो माझ्या आईकडे आला.

आम्ही मूळचे समुद्रकाठच्या मोरा गावचे. लहानपणी मी आणि धाकटा भाऊ होडी घेऊन गेलो होतो. होडी उलटली. मी होडीला धरून राहिलो. तो मला पुन्हा दिसलाच नाही. हे मी आईला त्याच दिवशी सांगितलं होतं आणि तिने ते मानलं होतं. आईने या लेखकाला हे सगळं सांगितलं, वर सुकटीची चटणीही बांधून दिली.

पुढचा भाग त्याने मोबाइलवर स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केला आणि आईला मोठ्या हौसेने ऐकवला. त्यात लहानग्या विराजच्या हातात भावाचा हात असतो. विराज घाबरतो आणि हात सोडतो.

मी संध्याकाळी घरी आलो तर आई दारातच उभी.

"तू हात सोडलास का रं?"

मी तसाच खाली गेलो. तो शांतपणे म्हणाला, "अहो, नुसता बुडाला यात दम नाही. कॅप्टनला काहीतरी सल हवा ना!"

"मग वर चला आणि हे तुम्ही रचलंत असं आईला सांगा."

"लेखकाने असं सांगायचं नसतं," तो हसून म्हणाला. "आणि आईंना केवढं रडू आलं, पाहिलंत?"

मी हात जोडले. आयुष्यात इतकी चीड मला कुणाची आली नाही, तरी जोडले. तो आला नाही. पुढेही दर वेळी "बघू" म्हणायचा.

गेल्या महिन्यात तो झोपेतच गेला. सोसायटीच्या शोकसभेत लंगडणारा शेजारी ढसाढसा रडला. मला रडू आलं नाही. आईला खरं सांगू शकणारा एकच माणूस होता, तो न सांगता गेला, याचाच संताप होता.

घरी येऊन मी शेवटचा प्रयत्न केला. "आई, हात सोडल्याचं त्याने मनाचं घातलं होतं. माझ्याजवळ कबूल केलं होतं त्याने."

आई भाकरी थापत होती. तिने वर पाहिलं नाही.

"मेलेल्या मानसावर कशाला ढकलतोस रं?" ती म्हणाली. "लहान होतास तू. माजा काय राग नाय."