खडेवाल्यांची मान

फिरोजाची अंगठी हातात आली की खडेवाल्यांचं प्रवचन सुरू व्हायचं. समोर गिऱ्हाईक एक असो वा दहा.

"हा दगड दिसतो ठणठणीत, पण आतून निव्वळ टीपकागद. साबण पितो, अत्तर पितो, तेल तर घटाघटा पितो आणि हिरवा पडतो. मग बापजन्मी पुन्हा निळा होत नाही. म्हणून नटणंमुरडणं आधी, अंगठी शेवटी. घरी आल्यावर आधी अंगठी काढायची, मग चपला. पाण्यात बुडवायची नाही, मऊ कापडानं पुसायची आणि वेगळ्या डबीत ठेवायची. हिऱ्याशेजारी ठेवलीत तर ओरखडे पडतील."

माणसं माना डोलवायची आणि मग त्यांची नजर हटकून काउंटरमागे बसलेल्या खडेवाल्यांच्या बायकोच्या बोटावर जायची. तिथे शेवाळल्या हौदासारखा हिरवागार फिरोजा.

"तो मुळातच हिरवा," खडेवाले बिनदिक्कत थाप मारायचे. वास्तविक तीस वर्षांपूर्वी दुकानातला सगळ्यांत निळा खडा निवडून त्यांनीच तो तिच्या बोटात घातला होता. भांड्यांच्या साबणानं त्याची वाट लागली, अशी त्यांची पक्की समजूत.

परवा एक आजी फटकन म्हणाल्या, "नियम फक्त गिऱ्हाइकांनाच का हो?"

हे मात्र झोंबलं. 'खडा सैल झालाय, घट्ट करून देतो,' असं सांगून खडेवाल्यांनी बायकोची अंगठी घेतली, हिरवा खडा काढून फुटक्या खड्यांच्या डब्यात टाकला आणि नवाकोरा निळा बसवला. बायकोनं अंगठी पाहिली, बोटात घातली.

दिवसभर टेबलावर वाकून त्यांच्या मानेचं लाकूड व्हायचं, म्हणून संध्याकाळी ती तेल लावून मान चोळून द्यायची. खडेवाले सवयीनं कॉलर उघडून स्टुलावर बसले.

"तेल?" बायको म्हणाली. "दगड पितो ना."

"अगं, मग अंगठी काढ."

"घालताना तुम्हीच बजावलं होतंत, कधी काढायची नाही म्हणून."

"मग इतकी वर्षं कशी चोळत होतीस?"

"म्हणून तर हिरवा पडला. तुम्हाला काय वाटलं, मी त्याला पाला चारत होते?"

खडेवाल्यांचा जन्म खडे पारखण्यात गेला, आणि हा हिरवा रंग आपल्याच मानेपायी आलाय हे काही ओळखता आलं नाही.

दोन दिवस ते कुणाकडे बघायचं तर कपाटासारखे अख्खे वळत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी फुटक्या खड्यांचा डबा टेबलावर पालथा घातला आणि भिंग लावून तो हिरवा खडा शोधू लागले. शेवटी तळाच्या भुग्यात तो सापडला. हिरव्या पडलेल्या फिरोजावर खडेवाले इतके खूश पूर्वी कधीच झाले नव्हते. ताबडतोब त्यांनी तो जागच्या जागी बसवला. संध्याकाळी बायकोनं तेलाची बाटली काढली.

दुसऱ्या दिवशी प्रवचनानंतर एका तरुणीनं विचारलंच, "मग काकूंचा हिरवा कसा?"

"त्यानं तीस वर्षं तेल प्यायलंय."

"कसलं?"

"माझ्या मानेचं." खडेवाल्यांनी मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, अगदी लोण्यासारखी. "तुम्ही मात्र अंगठी काढून ठेवत जा."